दहा खटांचं अंतर

इंजिन मला मिळालं ते मिक्सरच्या भांड्यात. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात, रविवारी सकाळी. भांड्याला झाकण नव्हतं, पातंही नव्हतं. आत दोन रिमोट, घड्याळाचा एक पट्टा, कसल्याशा कुलपाच्या किल्ल्या आणि सगळ्यांच्या तळाशी नाकावर आपटल्यासारखं पडलेलं वीतभर लांबीचं डिझेल इंजिन. मॉडेल रेल्वेचं. निळा रंग बराचसा उडालेला, एका बाजूचा कठडा तुटलेला, पण चाकं आठच्या आठ जागेवर.

जुन्या बाजारात हवी ती वस्तू सगळ्यात शेवटी विचारायची असते. हे मला तीस वर्षांपासून माहीत आहे आणि तीस वर्षं मी ते विसरतोय. मी थेट इंजिनावर बोट ठेवलं. विकणाऱ्यानं आधी इंजिनाकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि माझं तोंड बघूनच किंमत सांगितली असावी. साडेसातशे. घासाघीस करून चारशे नव्वदवर आणलं. पैसे देता देता विचारलं, "चालतं ना?"

"काका, चालत असतं तर इथं कशाला आलं असतं?"

उत्तर इतकं चोख होतं की उरलेले दहा रुपये मी परत मागितले नाहीत.

घरी आल्यावर ते पहिल्यांदा आबांच्या हातात दिलं. माझे वडील रेल्वेत फिटर होते. नोकरीतली शेवटची बावीस वर्षं घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये काढली. आता चौऱ्याऐंशी वर्षांचे आहेत. आठव्या नॉचवर, म्हणजे पूर्ण जोरावर, धडधडणाऱ्या इंजिनांच्या लोड टेस्ट ऐकून ऐकून डाव्या कानानं केव्हाच राजीनामा दिलाय, उजवा मशीनच्या भरवशावर चालतो, आणि ते मशीन बहुतेक वेळा टेबलाच्या खणात असतं. कुणीही माणूस असं खेळणं हातात घेतलं की आधी चाकांवर उभं करून पुढे-मागे ढकलतो. आबांनी ते उलटं केलं. पोटाकडून पाहिलं.

"चारच अ‍ॅक्सल," ते म्हणाले. "आपल्याला सहा असायचे." मग अंगठ्यानं टपावरची धूळ पुसली. "पण घराणं अल्कोचंच आहे."

मला ते माहीत होतं, पण त्यांनी ओळखावं याचा आनंद वेगळा. अल्को म्हणजे अमेरिकन लोकोमोटिव्ह कंपनी. त्यांच्याकडून 1962 साली पहिली डब्ल्यूडीएम-2 इंजिनं बोटीनं भारतात आली आणि 1964 पासून ती वाराणसीत बनू लागली. खुद्द अल्कोचं दुकान 1969 साली बंद झालं, पण वाराणसीत तो वंश पुढे कित्येक दशकं वाढत राहिला. पुण्याहून मिरजेकडे जाणाऱ्या गाड्यांच्या तोंडाशी आम्ही लहानपणी जी इंजिनं पाहिली, ती याच कुळातली. माझ्या हातातलं मॉडेल त्यांच्या अमेरिकन चुलतभावाचं होतं. आखूड नाक, लांब पाठ, मधे केबिन. मॉडेल कुणी बनवलं ते पोटावर कोरलेलं आहे, पण पुढे त्याच्या गिअरबद्दल जे सांगायचंय ते एकट्या त्या कंपनीच्या माथी मारण्यात अर्थ नाही. म्हणून नाव राहू दे.

आबांनी दोन चाकांमधलं अंतर डोळ्यांनी मापलं आणि दुसरा दोष काढला. "गेज बारीक आहे."

हे एचओ मापाचं मॉडेल, म्हणजे खऱ्याच्या 87 पट लहान. त्याचा गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, साडेसोळा मिलिमीटरचा, कारण खरा स्टॅण्डर्ड गेज 1435 मिलिमीटरचा. आपल्या 1676 मिलिमीटरच्या ब्रॉड गेजला 87 नं भागलं तर सव्वाएकोणीस मिलिमीटर यायला हवेत. म्हणजे फरक पावणेतीन मिलिमीटरचा. आबांना दूरचं नीट दिसत नाही, टीव्हीवर कोण बोलतंय ते विचारावं लागतं. हे मात्र दिसलं.

डिझेल इंजिन डिझेलवर चालतं, असं आपण म्हणतो. चाकांना विचारलं तर ती नाही म्हणतील. डब्ल्यूडीएम-2 च्या पोटातलं सोळा सिलिंडरांचं 2600 अश्वशक्तीचं धूड फक्त जनित्र फिरवतं. त्या विजेवर सहा मोटरी चालतात, प्रत्येक अ‍ॅक्सलला स्वतःची एक. मोटरीच्या टोकाला 18 दात्यांचं पिनियन, म्हणजे छोटा गिअर, ते अ‍ॅक्सलवरच्या 65 दात्यांच्या गिअरला फिरवतं. म्हणजे मोटर साडेतीन-पावणेचार वेळा फिरली की चाक एकदा फिरणार. माझ्या वीतभर इंजिनातही शेवटी हेच आहे, मोटर आणि गिअर. वीज फक्त जनित्राऐवजी रुळांतून येते, 12 व्होल्टची. एका रुळातून आत, दुसऱ्या रुळातून बाहेर.

त्याच संध्याकाळी बॉडी उतरवली. चार खाचा असतात, नखानं हलकेच ओढलं की सुटतात. आतलं दृश्य मला नेहमीच फार आवडतं. मधोमध आडवी मोटर, तिच्या दोन्ही टोकांना पितळेच्या जाड चकत्या. त्या चकत्यांना फ्लायव्हील म्हणतात. दोन्हीकडून एकेक बारीक दांडा निघून पुढच्या-मागच्या बोगीकडे जातो. बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, चाकं धरणारी चौकट. दांड्याच्या टोकांना काडेपेटीच्या गुलाएवढे सांधे, बोगी वळली तरी फिरणं तुटू नये म्हणून. ट्रकच्या खाली डिफरन्शियलकडे जाणारा जो जाड दांडा दिसतो, तोच हा, 87 पट लहान. बोगीच्या डोक्यावर वर्म. म्हणजे स्क्रूच्या आट्यांसारखा कोरलेला गिअर. वर्म एकदा फिरला की खालचा गिअर फक्त एक दाता सरकतो. त्या गिअरला 14 दाते असले तर चौदा फेऱ्यांना एक फेरी.

वर्मची एक गंमत आहे. मोटर चाकाला फिरवू शकते, चाक मोटरला फिरवू शकत नाही. त्यामुळे हे इंजिन हातानं ढकलून चालत नाही, आणि वीज तोडली की जागच्या जागी थिजतं. खरी गाडी नुसत्या जडत्वावर कितीतरी अंतर घरंगळत जाते. ती घरंगळ खेळण्यात आणायची म्हणून तर त्या पितळी चकत्या. वीज गेल्यावर त्या अर्धा क्षण स्वतःच्या वजनानं फिरत राहतात आणि इंजिन जरा सभ्यपणे थांबतं.

रुळावर ठेवून वीज दिली, तर मोटर गुरगुरली, चाकं हलली नाहीत. माझं शिक्षण इलेक्ट्रॉनिक्सचं. त्यामुळे जगातला कुठलाही बिघाड मला आधी विजेतच दिसतो. नळ गळत असला तरी मी बहुधा मल्टिमीटर काढीन. मोटर उघडली. मोटरीच्या दांड्यावरचा तांब्याचा कम्युटेटर काळा पडलेला, त्याला टेकून वीज देणारे ब्रश झिजून साबुदाण्याएवढे उरलेले. एका ब्रशची टोपी सोडवली मात्र, स्प्रिंग उडाली.

मॉडेल दुरुस्तीतला निम्मा वेळ हा जमिनीवर ओणवं होऊन शोधण्यात जातो, हे कुणी आधी सांगत नाही. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोरीला बांधून पलंगाखाली फिरवला. दोन टाचण्या, एक यू-पिन आणि मुलीचा शाळेतला बॅज मिळाला. स्प्रिंग नाही. मग आठवलं की ब्रशच्या स्प्रिंगा बऱ्याचदा कांस्याच्या असतात, चुंबकाला जुमानत नाहीत. शेवटी दिवा मालवून टॉर्च फरशीला टेकवून आडवा धरला. असं केलं की कणभर वस्तूचीही हातभर सावली पडते. फ्रिजसमोरच्या पायपुसण्याच्या काठाशी ती सापडली, रात्री पावणेबाराला. त्या वेळी कुणाला उठवून सांगण्याची सोय नव्हती.

कम्युटेटर आयपीएनं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला. मोबाइल दुरुस्त करणारी पोरं वापरतात ते. नवे ब्रश घातले. मोटर सुटी चालवली तर भुंग्यासारखी गात होती. परत बसवली, तर पुन्हा गुरगुर. म्हणजे दोष विजेत नव्हता. हे मान्य करायला मला आणखी एक दिवस लागला.

मग बोगी उघडली. आतलं ग्रीस वाळून चिक्कीच्या पाकासारखं झालेलं. पिवळं, पारदर्शक, आणि सुईनं टोचलं तर कडकन तुटणारं. गिअर त्यात मुरांब्यातल्या फोडींसारखे अडकून बसलेले. आयपीए, जुना टूथब्रश, दात कोरायच्या काड्या. काडी गिअरच्या प्रत्येक दात्यामधून फिरवायची. एका बोगीला दीड तास लागला. आबा समोर बसून बघत होते. वास घेऊन म्हणाले, "याला काहीच वास नाही. आमच्या कार्डियमला यायचा."

कार्डियम म्हणजे कार्डियम कंपाउंड. खऱ्या इंजिनाच्या गिअर केसमध्ये भरायचं वंगण. डांबरासारखं काळं, चिकट. आमच्या लहानपणी त्या डागांचे शर्ट वेगळ्या बादलीत असत. आई आधी रॉकेलनं डाग चोळायची, मग सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजत घालायची, आणि तरीही बाहीवर एक सावली राहायचीच. त्या बादलीला आम्ही हात लावायचा नाही, असा नियम होता. मी आता सुईच्या टोकावर मोहरीएवढं पांढरं ग्रीस घेऊन वर्मला लावत होतो आणि आबा म्हणत होते, "एवढंच? मूठभर घालायचो आम्ही."

ग्रीस बदलल्यावर इंजिन चाललं. आनंदानं डायनिंग टेबलावरच्या गोल रुळावर सोडलं. वेगात ठीक होतं. कोथरूडला जोशींचं लघु रेल्वे संग्रहालय आहे, 1998 साली उघडलेलं. तिथे गाड्या बघत मुलगी आणि मी तासन् तास उभे राहिलोय. तिथून एक शिकलो की मॉडेलची परीक्षा वेगात नसते. जोरात काय, काहीही पळतं. स्टेशनात शिरताना मुंगीच्या चालीनं आलं पाहिजे. म्हणून वीज कमी केली, आणि ते ऐकू आलं.

खट्.

थोडं पुढे जाऊन पुन्हा खट्. प्रत्येक खटीला इंजिन किंचित उचकी देई, टपावरचा बारीक हॉर्न थरथरे. ग्रीस आणखी लावलं. वर्मचे स्क्रू सैल केले, मग आवळले. मोटर पुन्हा काढली, पुन्हा बसवली. या वेळी तारा उलट्या जोडल्या गेल्या आणि 'पुढे' म्हटल्यावर इंजिन मागे जाऊ लागलं. त्या उत्साहात पाच मिनिटं खट् विसरलो. तारा सरळ केल्या, खट् होतीच.

"आबा, खटखट वाजतंय!" मी मोठ्यानं म्हणालो.

"काय?"

"खट् वाजतं! थांबून थांबून!"

आबांनी मशीन लावलं नाही. ते म्हणाले, "किती फेऱ्यांत एकदा?"

मी गप्प. मला आवाज ऐकू येत होता, पण मोजला नव्हता. तो कुठून येतोय हे शोधायला कान लावून बसलो होतो. सहा इंचांच्या डब्यात चौदा-पंधरा गिअर एकमेकांना चिकटून फिरत असताना 'कुठून' हा प्रश्न कानाला झेपणारा नव्हता. 'कितीदा' मात्र कुणालाही मोजता येतं. आबांनी तर न ऐकताच विचारलं होतं.

"मोटरचा असेल तर चाकाच्या फेरीत चौदा वेळा वाजेल, नुसती घरघर वाटेल," ते म्हणाले. "मधल्या गिअरचा असेल तर त्याच्या दात्यांप्रमाणे. चाकाच्या एका फेरीत बरोब्बर एकदा असेल, तर दुसरीकडे बघूच नको."

मी सरळ रुळाचा तुकडा वर्तमानपत्रावर ठेवला, वीज अगदी कमी केली आणि दर खटीला केबिनच्या दारासमोर पेन्सिलची रेघ मारत गेलो. अकरा रेघा. पहिल्या रेघेपासून अकरावीपर्यंत फूटपट्टी लावली. दहा खटांना साडेछत्तीस सेंटिमीटर. वर्निअरनं चाक मोजलं, 11.7 मिलिमीटर. गुणिले तीन पूर्णांक चौदा, म्हणजे 36.7. एका फेरीला एक खट्.

कागद आबांसमोर ठेवला. त्यांनी रेघांवरून बोट फिरवलं. "अ‍ॅक्सलचा गिअर," म्हणाले, आणि पेपरची घडी उलटून शब्दकोडं शोधू लागले.

चारही अ‍ॅक्सल बाहेर काढून भिंगाखाली धरले. दुसऱ्याच गिअरवर ते दिसलं. दोन दात्यांच्या मधल्या खाचेत केसासारखी काळी रेघ. ती खाच शेजारच्या खाचांपेक्षा रुंद होती. बाकी तेरा खाचांत समोरचा दाता अलगद बसायचा आणि चौदाव्या खाचेशी आला की आधी पोकळीत पडायचा, मग पुढच्या दात्यावर आदळायचा. उरलेले तीन पाहिले तर त्यातल्या दोघांनाही तडे होते, अजून न उघडलेले. चारातला एकच धड.

हा तडा कुणी आपटल्यानं पडलेला नव्हता. इथे चाकं कशी जोडतात ते सांगायला हवं. डाव्या रुळात धन, उजव्यात ऋण. दोन चाकं एकाच लोखंडी दांड्यावर बसवली तर वीज मोटरकडे न जाता सरळ अ‍ॅक्सलमधून पलीकडे जाईल, शॉर्ट. म्हणून प्रत्येक चाकाला अर्धाच दांडा असतो, आणि दोन्ही अर्धे दांडे प्लॅस्टिकच्या एका नळीत दोन बाजूंनी ठोकून बसवतात. त्या नळीच्याच मध्यावर गिअरचे दाते. एकाच तुकड्याला तीन कामं. चाक फिरवायचं, दोघांना एकत्र धरायचं आणि दोघांची विजेची गाठ पडू द्यायची नाही.

दांडा घट्ट बसावा म्हणून नळीचं भोक दांड्यापेक्षा किंचित लहान ठेवतात. नवं असताना ती पकड छान असते. पण ते प्लॅस्टिक त्या दिवसापासून ताणलेलंच असतं. गाडी धावो की खोक्यात पडून राहो, ताण चालूच. दहा वर्षं, वीस वर्षं, आणि मग एक दिवस सगळ्यात पातळ जागी, दात्याच्या मुळाशी, ते उकलतं. अशा बनावटीच्या बऱ्याच कंपन्यांच्या इंजिनांना हे दुखणं आहे. इंजिन एकदाही न वापरता जपून ठेवलेल्यांनाही ते सुटलेलं नाही.

सुपरग्लू लावून पाहिला. हे प्लॅस्टिक अ‍ॅसिटल जातीचं, मुळात निसरडं, म्हणूनच गिअरला चांगलं. त्याला साधा गोंद धरत नाही. दुसऱ्या दिवशी नखानं पापुद्रा निघाला. नवा गिअर शोधायला बुधवार पेठेत तपकीर गल्लीत गेलो. खेळण्यातल्या गिअरचं पाकीट होतं, पण मॉड्यूल 0.5 चं. मॉड्यूल म्हणजे दात्याचं माप. बाहेरचा व्यास भागिले दाते अधिक दोन. माझा 6.4 मिलिमीटर भागिले सोळा, म्हणजे 0.4. पावपट मोठा असलेला दाता इथे चालणार नव्हता. दुकानातल्या मुलाला हे समजावत असताना मागे एक गिऱ्हाईक ताटकळत होतं. ते शेवटी म्हणालं, "अहो काका, नवीन इंजिनच घ्या ना."

घरी येऊन तोंड पाडून बसलो. आबांनी गिअर तळहातावर घेतला. त्यांना तडा दिसला नाही, पण नखाला लागला.

"धाव चढव याला," ते म्हणाले.

बैलगाडीचं चाक ज्यांनी बनताना पाहिलंय, त्यांना धाव सांगायला नको. बाभळीच्या लाकडाच्या चाकावरची लोखंडी पट्टी. ती चाकापेक्षा मुद्दाम जराशी लहान करतात. गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवायची, फुगली की सांडशींनी उचलून चाकावर चढवायची आणि वरून बादल्यांनी पाणी. लाकूड कुरकुरतं, वाफ होते, आणि आरे, पुठ्ठे, तुंबा सगळं एकमेकांत आवळून बसतं. आबांनी गावाकडे लोहाराच्या पुढ्यात उभं राहून हे पाहिलंय. मोटरीच्या शाफ्टवर पिनियनही असंच गरम करून चढवतात म्हणे. "त्यात वेगळं काय आहे? लहान आहे एवढंच," ते म्हणाले.

कल्पना डोक्यात बसली. गिअरच्या दोन्ही बाजूंना नळीचा दीड-दीड मिलिमीटर भाग मोकळा असतो. तिथे धातूच्या दोन कड्या चढवल्या तर तडा मिटून राहील, आणि कड्या एकमेकींना लागल्या नाहीत की शॉर्टचीही भीती नाही. नळी बाहेरून साडेचार मिलिमीटर. एवढ्या मापाची पितळी नळी आणायची कुठून? उत्तर माळ्यावर होतं. आबांच्याच जुन्या ट्रान्झिस्टरची एरियल. ओढली की उलगडणारी, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांची. वरून चकचकीत मुलामा, आतून पितळ. मधली एक नळी आतून वर्निअरला 4.48 मिलिमीटर लागली. त्या ट्रान्झिस्टरवर आबांनी गावस्करचे किती तरी सामने ऐकले. मला वाटलं, नको म्हणतील. ते म्हणाले, "तोडायच्या आधी आतली काडी काढून घे, कामाला येईल."

हॅकसॉच्या पात्यानं कड्या कापल्या, सहा. कानशीनं कडा साफ केल्या. आणि गाडी पुन्हा अडली. नळी चिमट्यानं दाबली की तडा मिटत होता, पण कडी तरीही मिलिमीटरच्या शंभरातल्या दोन भागांनी अडत होती. धावेसारखी तापवावी म्हणून तव्यावर ठेवली. काही फरक पडेना. शेवटी हिशेब केला, जो आधी करायला हवा होता. सव्वा मीटर व्यासाची लोखंडी धाव चारशे अंशांनी तापली तर व्यासात सहा मिलिमीटर फुगते. साडेचार मिलिमीटरची पितळी कडी तव्यावर सव्वाशे अंश चढली तर मिलिमीटरचा शंभरावा भाग. वर्तमानपत्राच्या कागदाची जाडीही याच्या कितीतरी पट. लोहाराची युक्ती खरी, पण ती चाकाच्या आकारावर जगते. चाक लहान झालं की ती कागदावर उरते, आणि जास्त तापवावं तर आत प्लॅस्टिक आहे.

हे सगळं मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभं राहून पुटपुटत होतो. बायको भांडी लावत होती. म्हणाली, "अहो, मग आतलं गार करा की. पेले अडकतात तेव्हा काय करतो आपण?"

स्टीलचे दोन पेले एकात एक अडकले की आतल्यात बर्फाचं पाणी भरायचं आणि बाहेरचा कढत पाण्यात धरायचा. हे मी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात शिकलो होतो आणि माझ्या सगळ्या अभियांत्रिकीत ते कुठे नोंदवलेलं नव्हतं. पुन्हा हिशेब मांडला. हे प्लॅस्टिक पितळेच्या पाच-सहा पट आक्रसतं. फ्रीजरमध्ये शेहेचाळीस अंशांनी थंड झालं तर नळी मिलिमीटरच्या शंभरातल्या दोन भागांनी बारीक होणार. तव्याच्या दुप्पट! तिन्ही गिअर वाटीत घालून रात्रभर बर्फाच्या ट्रेशेजारी ठेवले. सकाळी कड्या तव्यावर, गिअर फ्रीजरमधून एकेक करून बाहेर. नळी चिमट्यात, कडी दुसऱ्या चिमट्यात, व्हाइसच्या दोन जबड्यांमधे हलका दाब. पाच-सहा सेकंद मिळतात. पहिली कडी तिरकी बसली, वाया गेली. दुसरी गेली. आवाज नाही, काही नाही, नुसती सरकली. भिंगातून पाहिलं तर तड्याची रेघ शोधावी लागत होती.

एक काळजी आणखी घेतली. अर्धे दांडे झिरो नंबरच्या पॉलिश पेपरवर थोडे घासून घेतले. पुन्हा तितकाच ताण कशाला द्या. दोन चाकांच्या आतल्या कडांमधलं अंतर साडेचौदा मिलिमीटर हवं, नाहीतर सांध्यांवर गाडी घसरते. वर्निअर त्या मापावर आवळून ठेवलं आणि चाकं त्याला टेकेपर्यंत दाबली.

बॉडी चढवण्याआधी सहज म्हणून इंजिन स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवलं. 306 ग्रॅम. डब्ल्यूडीएम-2 चं वजन 112.8 टन. लांबी, रुंदी, उंची तिन्ही 87 नं भागली, तर वजन 87 च्या घनानं, म्हणजे साडेसहा लाखांनी भागावं लागतं. उत्तर येतं 171 ग्रॅम. हिशेबाप्रमाणे असलं तर ते रुळावर धरच घेणार नाही, चाकं जागीच घसरतील. म्हणून मॉडेलमध्ये ओतीव धातूचं वजन भरतात. आबांना आकडा सांगितला. ते म्हणाले, "आमच्यातही वाळू टाकायचे रुळावर."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर डायनिंग टेबलावर रूळ मांडला. आबा खुर्ची ओढून बसले. मशीन अर्थातच खणात. मी वीज अगदी कमी केली. इंजिन निघालं. मी कान टवकारला, श्वास धरला. एक फेरी, दोन. मला काही ऐकू आलं नाही, पण इतके दिवस ऐकून माझा माझ्या कानावर विश्वास उरला नव्हता.

आबांनी उजव्या हाताचं मधलं बोट रुळाच्या कडेला, टेबलाच्या लाकडावर टेकवलं आणि डोळे मिटले. इंजिन त्यांच्या बोटाजवळून गेलं, वळसा घेऊन पुन्हा आलं, पुन्हा गेलं. त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

"काहीतरी लागतंय," ते म्हणाले.

माझ्या पोटात धस्स झालं. "खट्?"

"नाही. सारखं आहे. बारीक." त्यांनी बोट न उचलता वर पाहिलं. "पंखा बंद कर."

मी उठून पंखा बंद केला. पाती सावकाश थांबली. आबांनी पुन्हा डोळे मिटले.

"हं. आता चालव."